खाली दुकान, वर घर: बडोदे शहरातील नव्या इमारतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी आणि लहरीपुरा दरवाजाच्या परिसरात जुने वाडे उतरवून त्या जागी खाली दुकाने, मध्ये कार्यालये आणि वर फ्लॅट अशा इमारती उभ्या राहत आहेत. काही मराठी कुटुंबे तिथे घर घेऊ पाहत आहेत, तर काहींना स्वतःचाच वाडा विकासकाला द्यावा की नाही, हे ठरवायचे आहे. दोन्ही बाजूंनी सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिश्र वापराची इमारत म्हणजे नक्की काय? आमच्या वाड्यातही खाली दुकाने होतीच.

कल्पना तीच आहे. जुन्या वाड्यात रस्त्याकडच्या भागात पेढी किंवा दुकान असे आणि चौकाच्या आत व माडीवर कुटुंब राहत असे. मात्र वाड्याचा मालक बहुधा एकच असल्यामुळे पाणी, जिना आणि दार यांवरून वाद झाला तरी तो घरातल्या घरात मिटत असे. नव्या इमारतीत दुकानदार, कार्यालयवाले आणि राहणारे हे वेगवेगळे मालक असतात. म्हणून कोणता जिना, कोणती लिफ्ट, कोणती टाकी आणि कोणते पार्किंग कोणाचे, हे मंजूर नकाशात आणि करारात लिहिलेले असावे लागते. या पानावरचे बहुतेक प्रश्न शेवटी याच एका गोष्टीपाशी येतात.

२. शहरात अशा इमारती एवढ्या का वाढल्या?

वाड्यांचे वारस तिसऱ्या-चौथ्या पिढीत वाढले, लाकडी तुळया आणि कौले सांभाळण्याचा खर्च कोणा एकाला पेलवेनासा झाला आणि रस्त्यालगतच्या दुकानाला मिळणारा भाव वरच्या मजल्याच्या भावापेक्षा पुष्कळ अधिक राहिला. न्यायमंदिराच्या १८९६ सालच्या इमारतीतून न्यायालय नव्या संकुलात गेल्यावर वकिलांची वर्दळ कमी झाली, पण मंगळ बाजार आणि आसपासचा व्यापार टिकून आहे. खालची दुकाने विकून बांधकामाचा मोठा खर्च निघतो, हे विकासकाचे साधे गणित आहे.

३. टोकन देण्यापूर्वी कोणते कागद पाहावेत?

प्रथम सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड पाहावे आणि त्यावरची सर्व नावे विक्री करणाऱ्यांशी जुळतात का, ते तपासावे. त्यानंतर वकिलाकडून किमान तीस वर्षांचा मालकीचा शोध घ्यावा. महापालिकेची रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आणि तिच्यासोबतचा मंजूर नकाशा मागावा. नुसते रंगीत माहितीपत्रक पुरेसे नाही. त्यानंतर गुजरेराच्या (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प शोधून नोंदणीतील युनिटची संख्या, पूर्ण होण्याची तारीख आणि नकाशा यांची हातातल्या कागदांशी तुलना करावी. तयार इमारत असेल, तर बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापरण्याची महापालिकेची परवानगी, पाहावी (प्रश्न १९). इमारत अशांत धारा (अशांत क्षेत्र कायदा) लागू असलेल्या भागात असेल, तर प्रश्न १७ आधी वाचावा.

माझा आग्रह असा की मंजूर नकाशा हातात घेऊन जागेवर जावे आणि दोन्ही जिने मोजावेत. नकाशात दोन जिने आणि जागेवर एक, हे मी स्वतः एका इमारतीत पाहिले आहे. दुसऱ्या जिन्याच्या जागी दुकानाचा माळा झाला होता.

४. विकासक म्हणतात, "प्लॉट लहान आहे, रेरा लागू नाही." हे खरे असू शकते का?

असू शकते, आणि शहराच्या आत ही शक्यता फार मोठी आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सर्व टप्पे धरून युनिट आठपेक्षा अधिक नसतील, तर नोंदणी आवश्यक नसते. वाड्याचे अनेक प्लॉट याच मर्यादेत बसतात. मात्र कायद्यातील 'अपार्टमेंट' या शब्दात दुकान, कार्यालय, शोरूम आणि गोदामही येते. म्हणून ६०० चौरस मीटरच्या प्लॉटवर सहा फ्लॅट आणि तीन दुकाने असतील, तर "फ्लॅट तर सहाच आहेत" असे म्हणून नोंदणी टाळता येत नाही.

नोंदणी खरोखरच लागू नसेल, तर ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन आणि रेरा प्राधिकरणाची देखरेख यांचा आधार आपल्याला मिळत नाही. अशा वेळी बांधकाम पूर्ण होऊन बीयू मिळाल्यावरच घर घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

५. सुपर बिल्टअप, बिल्टअप, कार्पेट: भाव कशावर ठरवायचा?

कार्पेटवर. रेराच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून उरलेले वापरण्याजोगे क्षेत्र म्हणजे कार्पेट. घरातल्या घरात असलेल्या पडभिंती मात्र त्यात धरल्या जातात. सुपर बिल्टअपमध्ये भिंती आणि सामाईक जागेचा वाटाही धरलेला असतो. समजा, १५०० चौरस फूट सुपर बिल्टअपचा फ्लॅट ६० लाखांना सांगितला आणि त्याचे कार्पेट ८५० निघाले, तर चार हजारांचा दिसणारा भाव प्रत्यक्षात सात हजारांच्या वर जातो. मिश्र इमारतीत दुकानांसमोरचा पॅसेज आणि व्यापारी लॉबी हीदेखील कधी कधी वरच्या फ्लॅटच्या सुपर बिल्टअपमध्ये वाटून दिलेली असते, म्हणून सामाईक क्षेत्राचा हिशेब लेखी मागावा.

६. दस्तावेज आणि जीएसटी मिळून वरखर्च किती येतो?

गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे. घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे असेल, तर नोंदणी फी माफ होते. पती-पत्नीच्या संयुक्त नावाला ही माफी मिळत नाही. जंत्रीचे (मालमत्तेच्या सरकारी मूल्यांकनाचे) दर एप्रिल २०२३ मध्ये बरेच वाढले, त्यामुळे जुन्या अंदाजावर विसंबू नये. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर बडोद्यात तो १ टक्का होतो. दुकानाचे प्रकरण वेगळे आहे. संपूर्ण प्रकल्पात व्यापारी कार्पेट १५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल, तर दुकानालाही ५ टक्केच लागतात. त्याहून अधिक असेल, तर दुकानावर १२ टक्क्यांचा बोजा येतो. शहरातल्या लहान प्लॉटवर खालचे दोन मजले दुकानांचे असले की ही १५ टक्क्यांची मर्यादा सहज ओलांडली जाते. बीयू मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर किंवा दुकानावर जीएसटी लागत नाही.

७. बुकिंगला २५ टक्के मागतात. द्यावेत का?

रेराखालील प्रकल्पात नोंदणीकृत बानाखत (विक्रीचा करार) होण्यापूर्वी १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. आधी बानाखत नोंदवावे, मग पुढचा हप्ता द्यावा.

८. पार्किंग फ्लॅटबरोबर मिळणार, असे सांगितले आहे. एवढे पुरेसे आहे का?

नाही. राहणाऱ्यांचे, दुकानदारांचे आणि दुकानात येणाऱ्या ग्राहकांचे पार्किंग मंजूर नकाशात वेगवेगळे दाखवलेले असावे. उघडे पार्किंग ही सामाईक जागा असल्यामुळे विकासक ती स्वतंत्र मालमत्ता म्हणून विकू शकत नाही. छत असलेली जागा आपल्याला नेमून दिली असेल, तर तिचा क्रमांक करारात आणि नकाशात असला पाहिजे.

घर पाहायला बहुतेक लोक रविवारी सकाळी जातात, तेव्हा दुकाने बंद असतात आणि पार्किंग मोकळे दिसते. आमच्याच इमारतीत लग्नसराईतल्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास फाटकापासून लिफ्टच्या दारापर्यंत स्कूटरींची दुहेरी रांग असते, मधून एक माणूस आडवा होऊनच जातो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची व्हीलचेअर तेव्हा बाहेर काढताच येत नाही. म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी, दिवेलागणीनंतर, किमान एकदा तिथे उभे राहून पाहावे.

९. पार्किंग बेसमेंटमध्ये आहे. पुराची काळजी करावी का?

करावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि शहराच्या सखल भागांत पाण्याने बेसमेंट भरले. उताराच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच असा उंबरठा आहे का, पाणी उपसण्याचा पंप आणि त्याचा वीजपुरवठा वर आहे की खाली, आणि विजेचे मीटर कोठे बसवले आहेत, हे पाहावे. शेजारच्या जुन्या इमारतीच्या बेसमेंटची भिंतही बारकाईने पाहावी. चिखलाची रेषा रंगाच्या दोन हातांखालूनही दिसते.

१०. खाली कोणते दुकान येईल, हे आपल्या हातात असते का?

काही अंशी. मंजूर नकाशात वापर 'दुकान' असेल, तर कापडाचे दुकानही येऊ शकते आणि फरसाणाचेही. फरसाण किंवा नाश्त्याच्या दुकानाची कढई पहाटे पेटते आणि तिचा धूर बाहेर नेणारी नळी गच्चीपर्यंत नेलेली नसेल, तर तेलाचा वास पहिल्या दोन मजल्यांच्या पडद्यांत कायमचा बसतो. म्हणून नकाशात धुराड्याची स्वतंत्र शाफ्ट आहे का, ते विचारावे. नसेल, तर खाद्यपदार्थ शिजवणारा व्यवसाय येणार नाही, अशी अट दुकानांच्या दस्तावेजातच घालून घ्यावी. फ्लॅटच्या दस्तावेजात ती लिहून दुकानदारावर बंधन येत नाही.

११. दुकाने रात्री नऊला बंद होतीलच ना?

असे गृहीत धरू नये. २०१९ च्या गुजरातच्या कायद्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली आहे. आवाजाला मात्र मर्यादा आहे: रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी क्षेत्रात ४५ आणि व्यापारी क्षेत्रात ५५ डेसिबल. आपली इमारत कोणत्या क्षेत्रात मोडते, यावर तक्रारीचे बळ ठरते, म्हणून ते आधी जाणून घ्यावे. शटर ओढण्याच्या आणि माल उतरवण्याच्या वेळा सोसायटीच्या नियमांत लिहून घेतल्या, तर पोलिसांपर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही.

१२. आगीच्या दृष्टीने काय तपासावे?

२४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावर क्लास चालू असताना आग लागली आणि २२ विद्यार्थ्यांचे प्राण गेले. ती व्यापारी इमारत होती, पण आपल्या मिश्र इमारतींतही मधल्या मजल्यांवर असेच क्लास आणि दवाखाने चालतात. फायर एनओसी चालू मुदतीची आहे का, जिना सामानाने अडलेला आहे का आणि गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, या तीन गोष्टी प्रत्येकाने स्वतः पाहाव्यात. खालच्या दुकानाचा साठा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये ठेवलेला दिसला, तर त्या इमारतीचे व्यवस्थापन कसे चालते, हे वेगळे विचारावे लागत नाही.

१३. दुकानदार म्हणतात, "आम्ही लिफ्ट वापरत नाही, मेंटेनन्स का द्यायचा?"

लिफ्टपुरते त्यांचे म्हणणे रास्त आहे, पण पाया, गच्ची, बाहेरचा रंग, गटार आणि अग्निशमन यंत्रणा सर्वांची असते. आमच्याकडे दोन वर्षे वाद घालून शेवटी तीन खाती केली: सर्वांचे, फक्त राहणाऱ्यांचे आणि फक्त व्यापाऱ्यांचे. लिफ्ट आणि वरच्या टाकीचा पंप दुसऱ्या खात्यात गेला. समोरच्या फरशीची रोजची सफाई आणि व्यापारी बाजूचा पहारेकरी तिसऱ्या खात्यात गेला. घरपट्टी आणि वीज या बाबतीत दुकान आणि घर यांचे दर मुळातच वेगळे आहेत, म्हणून सामाईक दिव्यांचा मीटर कोणत्या दराने आहे, तेही पाहावे.

१४. फ्लॅटमध्ये शिकवणी किंवा दवाखाना चालवता येईल का?

मंजूर वापर निवासी असेल, तर त्याचा व्यापारी वापर करण्यापूर्वी महापालिकेची आणि सोसायटीची भूमिका लेखी घ्यावी. घरगुती वीजजोडणीवर व्यवसाय चालवणे हा २००३ च्या वीज कायद्यात अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. मिश्र इमारतीत मधल्या मजल्यावर कार्यालये असतातच. अशा कामासाठी ती जागा भाड्याने घेणे अधिक सरळ ठरते.

१५. आमचा वाडा विकासकाला द्यायचा आहे. एक चुलतभाऊ सही करत नाही आणि आत्याची सही लागते का, हेही कळत नाही.

आत्याची सही बहुधा लागतेच. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटेकरी) म्हणून मुलाइतकाच हक्क दिला, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. वाटणी २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झाली असेल, तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे बहिणी आणि आत्या पुण्याला, इंदूरला किंवा परदेशात असतात आणि "तिला काय हवे आहे, ती काही मागणार नाही" असे गृहीत धरून काम पुढे रेटले जाते. कृपया असे करू नये. प्रथम प्रॉपर्टी कार्डावर वारसाईची नोंद करून घ्यावी. ज्यांना हिस्सा सोडायचा आहे, त्यांच्याकडून हक्क कमी करण्याचा दस्तावेज नोंदवून घ्यावा, आणि तोही त्यांना जागेचा आजचा भाव सांगून. सहमालक नाकारत असेल, तर बहुमताने वाडा देता येत नाही. अशा वेळी इतरांपुढे आपला हिस्सा विकून टाकण्याचा किंवा वाटणीचा दावा करण्याचा मार्ग आहे, आणि दाव्याला वर्षे लागतात. म्हणून चुलतभावाचे नेमके म्हणणे काय आहे, हे वकिलाच्या नोटिशीपूर्वी घरात बसून ऐकावे. अनेकदा त्याला पैसे नकोत, रस्त्याकडचे दुकान हवे असते.

विकासकाशी संयुक्त विकास करार नोंदवला, तर व्यक्तीला किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला भांडवली नफ्यावरील कर सर्वसाधारणपणे पूर्णता प्रमाणपत्राच्या वर्षी येतो, कराराच्या वर्षी नाही. मात्र प्रमाणपत्रापूर्वीच आपला हिस्सा विकला, तर ही सवलत राहत नाही.

एक गोष्ट करारात आवर्जून लिहावी: कोरीव खांब, झरोके, दारे आणि देवघराची चौकट कोणाची. वाडा उतरवणाऱ्या ठेकेदाराला लाकडाची किंमत नेमकी ठाऊक असते, आणि घरच्यांना ती ट्रक निघून गेल्यावर कळते.

१६. वाड्यात जुने भाडेकरू आहेत, किंवा आमची जुनी फ्लॅटची इमारतच पाडायची आहे. कोणाची संमती लागते?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जुन्या भाडेकरूंना १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा संरक्षण देतो. महिना पन्नास रुपये भाडे देणारा दुकानदारही नुसत्या नोटिशीने निघत नाही. मालक, विकासक आणि भाडेकरू यांच्यात नोंदणीकृत करार करून त्याला नव्या इमारतीत किती जागा, कोणत्या हक्काने आणि तोवर पर्यायी जागा कोठे, हे ठरवावे. वर फ्लॅट घेणाऱ्यानेही हे करार पाहावेत, कारण भाडेकरूच्या दाव्यावर मनाईहुकूम आला, तर काम सर्वांचेच थांबते.

फ्लॅटच्या जुन्या इमारतीसाठी गुजरात ओनरशिप फ्लॅट्स कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार रजाचिठ्ठीला २५ वर्षे झालेली असतील, तर ७५ टक्के मालकांच्या संमतीने पुनर्विकास करता येतो. ही तरतूद वाड्याच्या सहमालकांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

१७. अशांत धाऱ्याचा घर घेण्याशी काय संबंध?

१९९१ च्या या कायद्याखाली अधिसूचित भागात स्थावर मालमत्तेचे हस्तांतर करण्यापूर्वी कलेक्टरची परवानगी लागते आणि ती नसताना केलेले हस्तांतर रद्दबातल ठरते. बडोदे शहरातील अनेक विभाग या अधिसूचनेत आहेत. विक्री स्वेच्छेची आहे आणि किंमत वाजवी आहे, हे शपथपत्राने सांगावे लागते आणि चौकशी होते, त्यात वेळ जातो. म्हणून बानाखताची मुदत ठरवताना हा काळ धरावा, आणि परवानगी नाकारली गेल्यास पैसे परत मिळतील, असे कलम घालावे.

१८. तांबेकर वाड्याजवळच्या इमारतीबद्दल काही वेगळे पाहावे का?

होय. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पूर्वपरवानगी लागते. महापालिकेची रजाचिठ्ठी या परवानगीची जागा घेत नाही. बडोद्याच्या एका दिवाणांच्या त्या घरातील भित्तिचित्रे एकदा आत जाऊन पाहिली की हा नियम जाचक वाटत नाही.

१९. बीयू आलेली नाही, पण विकासक "ताबा घ्या, राहायला या" म्हणतात.

घेऊ नये. बीयू नाही, याचा अर्थ इमारत नकाशाप्रमाणे झाली आहे, असे महापालिकेने अजून म्हटलेले नाही. मिश्र इमारतीत हे अधिक घडते, कारण फ्लॅट नियमाप्रमाणे असतात, पण खालच्या दुकानदाराने मार्जिनमध्ये (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) शेड टाकलेली असते आणि तेवढ्यासाठी सगळ्यांची परवानगी अडते. "इम्पॅक्ट फी भरून नियमित करू" या शब्दावर पैसे देऊ नयेत. ताब्याला उशीर होत असेल, तर रेराखाली खरेदीदाराला दोन पर्याय आहेत: व्याजासह पैसे परत घेणे, किंवा घर कायम ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेणे.

२०. ताबा घेतल्यानंतर विकासकाने दुसरा मजला कार्यालयांऐवजी इस्पितळाला देण्याचे ठरवले आहे. आम्ही अडवू शकतो का?

नोंदणीकृत प्रकल्पात मंजूर नकाशात असा मोठा बदल करण्यासाठी विकासक सोडून इतर खरेदीदारांपैकी दोन तृतीयांशांची लेखी संमती लागते. या मोजणीत एका व्यक्तीकडे कितीही युनिट असली, तरी तिचे मत एकच धरले जाते. म्हणजे पाच दुकाने घेतलेला गुंतवणूकदार आणि एक फ्लॅट घेतलेले कुटुंब समान ठरतात. बुकिंगच्या वेळी अर्जासोबत सही करून घेतलेल्या छापील 'सर्व बदलांना संमती' या कागदाकडे बोट दाखवले जाईल. कायद्याला अपेक्षित असलेली संमती त्या विशिष्ट बदलाची माहिती देऊन घेतलेली असावी, हा मुद्दा लेखी मांडून हरकत नोंदवावी, आणि ती एकट्याने न देता सर्व कुटुंबांच्या सह्यांनी, विकासकाला, महापालिकेला आणि गुजरेराला एकाच दिवशी द्यावी.